भिंतीवरचे भाऊजी

आमचे भाऊजी टीव्हीवर वारले, त्या संध्याकाळी आम्ही घरात टाळ्या वाजवल्या. मी, आमचे हे, सासूबाई, आणि मुद्दाम स्वतःची खुर्ची घेऊन आलेल्या शेजारच्या काकू. मालिकेचा पहिलाच भाग होता. मोठ्या घरातली एक विधवा बाई पाठमोरी उभी, आणि समोरच्या भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो. तो फोटो म्हणजे आमचे भाऊजी. केस पांढरे केलेले, अंगात कोट, आणि चेहऱ्यावर असं काही समाधान की जिवंत माणसाच्या तोंडावर ते मी तरी कधी पाहिलं नव्हतं.

"दिसला! दिसला गं!" सासूबाई ओरडल्या. मग जरा वेळाने चष्मा वर करून म्हणाल्या, "पण हा बोलणार कधी?"

"आई, तो मेलाय," हे म्हणाले.

"तुझ्या जिभेला काही हाड आहे का?" सासूबाई कडाडल्या. "चांगला माझ्याशेजारी बसलाय."

भाऊजी खरंच त्यांच्या शेजारी बसले होते आणि गालातल्या गालात हसत होते. कोणी काही म्हणा, पण त्या दिवशी माणूस खूश होता.

मी दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दिवसभर कोणाच्या तोंडात काय बिघडलंय ते ऐकायचं आणि घरी येऊन भाऊजींच्या तोंडचे संवाद ऐकायचे, असा माझा संसार. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. ते कमी बोलतात, आणि घरात एकाने तरी कमी बोलावं हे बरंच आहे.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा भाऊजी नुकते नाटकात शिरले होते. पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, वेळ आहे का? पाच मिनिटं माझी बायको व्हा." मी हातातला झारा तसाच धरून बघत राहिले. मग त्यांनी कागद पुढे केला. ऑडिशनचा उतारा होता तो, समोरच्याची वाक्यं वाचायला कोणीतरी हवं होतं. तेव्हापासून कांदा चिरता चिरता मी त्यांची बायको झाले, पोलीस झाले, कारखान्याची मालकीण झाले, आणि एकदा तर अख्खी दोन पानं कोमात होते. भाज्या करपल्या त्या वेगळ्याच.

सकाळी ते एका कुरियरच्या ऑफिसात पाकिटं लावायचे आणि दुपारी ऑडिशनला जायचे. ऑडिशन म्हणजे काय, तर एका खोलीत पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, नाव सांगायचं, उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, हात पुढे-मागे करून दाखवायचे. घोडा विकत घेतानाही माणसं याहून जरा प्रेमाने बघत असतील. मग दोन वाक्यं म्हणायची आणि "कळवतो" ऐकून घरी यायचं. कळवत कोणी नाही. कधीमधी एखादी जाहिरात मिळायची. रंगाच्या एका जाहिरातीत भाऊजी शिडीवर उभे होते. आम्ही ओळखलं ते शिडीवरच्या पायांवरून.

सासूबाईंचं एकच म्हणणं असायचं. "दिसू नकोस एक वेळ, पण बोल रे. एकदा तुझा आवाज त्यातनं येऊ दे. मग मी सुटले." त्यांची नजर अधू झाली होती, म्हणून असेल. पण खरं कारण बहुतेक सासरे असावेत. सासरे गेले तेव्हा भाऊजी नाटकाच्या तालमीला बाहेरगावी होते, आणि मुलगा नक्की काय करतो हे सासऱ्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. त्यांना कोणी विचारलं की ते म्हणायचे, "तो बोलायचं काम करतो." सासूबाईंना ते खरं करून दाखवायचं होतं.

सासरे पाण्याच्या पंपावर कामाला होते. घरी आले की दारातल्या स्टुलावर बसून बूट काढायचे, बुटांची तोंडं भिंतीकडे करून ठेवायचे, आणि दुसरं काहीही बोलायच्या आधी विचारायचे, "मागचं दार लावलं का?" कारण असं की, फार पूर्वी कोणीतरी मागच्या दारातून येऊन आमची इस्त्री उचलून नेली होती. तीही गरम असताना! चोराचा हात भाजला असणार याचं सासऱ्यांना समाधान होतं, पण दाराची धास्ती त्यांनी जन्मभर घेतली. आणि सासूबाई जिथे असतील तिथून, दार लावलेलं असो नसो, म्हणायच्या, "लावलं, लावलं." मी आले तेव्हापासून रोज हे ऐकलं. सासरे गेल्यावर ते थांबलं, आणि पहिले काही दिवस संध्याकाळी घरात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

असो. फोटोचं सांगत होते.

फोटो काढताना फोटोग्राफर भाऊजींना म्हणाला होता, "जरा कमी हसा, तुम्ही वारलेले आहात." आम्हाला त्याची फार गंमत वाटली. मालिका धो धो चालली. ती विधवा बाई दर भागात एकदा तरी भिंतीकडे बघून म्हणायची, "बघताय ना तुम्ही?" आणि कॅमेरा आमच्या भाऊजींवर. बाजारात बायका त्यांना ओळखायला लागल्या. एकीने तर सरळ सांगितलं, "तुम्ही फार लवकर गेलात हो. त्या सुना तुमच्या बायकोला फार छळतात." भाऊजींनी तिची माफी मागितली.

पण घोडं अडलं ते दुसरीकडे. या धंद्यात एक रीत आहे, ती आम्हाला उशिरा कळली. ज्याचा फोटो एका मालिकेच्या भिंतीवर लागतो, त्याला त्या वाहिनीवर दुसरं काम देत नाहीत. मेलेला माणूस पलीकडच्या मालिकेत चालताना दिसला तर लोक काय म्हणतील? आणि बहुतेक ऑडिशन तर त्याच वाहिनीच्या. भाऊजी आत गेले की कास्टिंगवाली पोरगी वहीतून डोकं वर काढायची, दोन क्षण बघायची आणि म्हणायची, "अहो, तुम्ही तिकडे वारलाय ना?"

एकदा मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. भाऊजींना पार्सलवाल्याचं काम मिळालं. तीन वाक्यं होती. "पार्सल आहे. इथे सही करा. साहेब, तुमच्या घरातून धूर येतोय." कुरियरच्या ऑफिसातला माणूस, त्याला पार्सलवाला शिकवायचा का? तरी रात्रंदिवस पाठ करत होते. धूर किती घाबरून म्हणायचा, यावर माझ्याशी वाद घातला. शूटिंग झालं, छान झालं म्हणे. सासूबाईंनी काकूंना बोलावलं, औषधाच्या दुकानदाराला सांगितलं, त्यांचं ब्लड प्रेशर बघणाऱ्या डॉक्टरांनाही सांगितलं.

आणि दाखवलं काय? दाराची बेल वाजली, एक हात आला, हातात पार्सल. हात गेला. पुढच्या दृश्यात घराला आग!

झालं होतं असं की, आठ वाजता भाऊजी भिंतीवर वारलेले आणि साडेआठला पार्सल घेऊन दारात, हे कोणाच्या तरी शेवटच्या क्षणी ध्यानात आलं. मग कापाकापी. "हात तुझाच होता ना?" सासूबाईंनी विचारलं. "हो आई." "मग चांगला होता," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. असा राग आला होता की त्या टीव्हीच्या आत शिरून एकेकाची दातखीळ बसवली असती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतःच मालिकेच्या ऑफिसात गेले. मला म्हणाले, "वहिनी, आता सांगून टाकतो, फोटो काढा. मला धड जगू द्या नाहीतर पुरतं विसरा." मी म्हटलं, असंच बोला, शब्दही बदलू नका. सहसा त्यांचे संवाद मला इतके आवडत नसत.

संध्याकाळी परत आले ते जिना धावत चढून. मालिकेच्या लेखकबाईंनी त्यांना बघितलं, डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "काय योग आहे! अहो, तुम्ही जिवंत होताय." कथेत म्हणे असं ठरलं होतं की विधवेचा नवरा मेलेलाच नाही, तो परत येणार. तीन महिने रोज काम. चाचणी द्यावी लागेल, पण चेहरा तर भिंतीवर आहेच, मग अडचण कसली?

भाऊजींनी हे सासूबाईंना दारातूनच ओरडून सांगितलं. "आई, मी बोलणार! येऊन घरात बसणार आणि रोज बोलणार!" सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं. ते बघून आमच्या ह्यांनीसुद्धा "वा" म्हटलं, म्हणजे बघा.

चाचणीसाठी जो प्रसंग दिला होता तो वाचून मात्र मी कपाळाला हात लावला. नवरा दारात येतो, वीज कडाडते, बायकोच्या हातातलं ताट पडतं, आणि मग तो तीन पानं रडत सांगतो की इतकी वर्षं कुठे होता. "हे कोण बोलतं असं?" मी म्हटलं. "माणूस दमून घरी आलाय की भाषणाला आलाय?"

 भाऊजी दोन दिवस कुरियरच्या पाकिटांच्या पाठीवर काहीबाही खरडत होते. तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी येऊन म्हणाले, "वहिनी, पाच मिनिटं." आणि त्यांनी लिहिलेला प्रसंग माझ्यापुढे धरला. जेमतेम पाऊण पान.

बाई पाठमोरी बसून कपड्यांच्या घड्या घालतेय. मागे दार उघडतं. कोणीतरी आत येतं, स्टुलावर बसतं, बूट काढतं, त्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवतं. मग विचारतं, "मागचं दार लावलं का?" बाई न वळताच सवयीने म्हणते, "लावलं, लावलं." आणि मग तिचे हात थांबतात. बस्स, तिथे संपतं.

मला बायकोचं वाक्य वाचायचं होतं. ते वाचताच आलं नाही. मी नळ सोडला आणि उगाच भांडी विसळत बसले. भाऊजी म्हणाले, "कांद्यामुळे का?" मी म्हटलं, "कांदे संपलेत. गप्प बसा."

हाच प्रसंग घेऊन ते चाचणीला गेले. दोन्ही करून दाखवले, त्यांचा आणि आपला. आठवड्याने लेखकबाईंचा फोन आला. प्रसंग सगळ्यांना आवडला होता, अगदी वाहिनीच्या मोठ्या साहेबांनासुद्धा. तोच घेणार होते, भाऊजींची परवानगी असेल तर. आणि भूमिकेसाठी त्यांनी एक नामवंत नट घेतला होता. तीन महिने रोज दिसणार तर ओळखीचा चेहरा पाहिजे, असं वाहिनीचं म्हणणं पडलं.

"म्हणजे तोंडाला पानं पुसली की!" मी म्हटलं. "वर परवानगी मागतात, लाज कशी नाही वाटत? नाही म्हणा. कागद परत मागा. चेहरा तुमचा, वाक्य तुमचं, बाप तुमचा, आणि बोलणार दुसराच?"

मी बरंच बोलले. मला थांबवणं सोपं नाही. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला. त्यावर चाचणीचं चित्रीकरण होतं, भाऊजींनी मागितलं म्हणून लेखकबाईंनी पाठवलेलं. "बघा," म्हणाले.

मी बघितलं. वाईट नव्हतं. ठीक होतं. भाऊजींनी मध्येच ते थांबवलं आणि पडद्यावरच्या स्वतःच्या तोंडावर बोट ठेवलं. "इथे ती घड्या घालतेय. मी काय करतोय?"

"तिच्याकडे बघताय."

"नाही वहिनी. वाट बघतोय. माझं वाक्य कधी येतंय, याची वाट बघतोय." ते अगदी हवापाण्याचं सांगावं तसं बोलत होते. "आता मागचं आठवतंय तेवढं सगळं आठवून बघितलं. पार्सलवाल्यातही तेच. मी कायम वाट बघतो. बाबा कधी असे बसले होते का? ते बूट काढत होते."

मला 'छे, काहीतरीच' म्हणायचं होतं. पण ओट्याच्या पलीकडून इतकी वर्षं मी तोच चेहरा बघत होते, आणि मला वाटायचं, अभिनय असाच दिसत असेल.  दुःख झालं, सरळच सांगते. आपल्या माणसाला आपली मर्यादा कळताना बघणं फार वाईट.

"आणि नाही म्हटलं," भाऊजी म्हणाले, "तर ते तीन पानांचं रडं दाखवतील. बाबांचं दार राहूनच जाईल." त्यांनी परवानगी दिली. लेखकबाईंनी त्यांना पुढच्या महिन्यापासून संवाद लिहायला आपल्या हाताखाली बोलावलं. नोकरी म्हणावी अशी ती त्यांची पहिलीच. तरी त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

राहिला प्रश्न सासूबाईंचा. त्यांना कोण सांगणार? भाऊजी म्हणाले, मी सांगतो. रोज सकाळी म्हणायचे, आज सांगतो. रोज संध्याकाळी सासूबाई विचारायच्या, "घसा जपतोस ना? थंड पिऊ नकोस," आणि ते म्हणायचे, "हो आई." मालिकेतही तेव्हा घराला रंग द्यायला काढला म्हणून भिंतीवरचा फोटो उतरवला होता, म्हणजे नवा चेहरा आणायला वाट मोकळी. सासूबाईंचा अर्थ वेगळाच. "आता तो स्वतःच येणार, मग फोटो कशाला?" काकूंना त्या समजावून सांगायच्या. आमच्या ह्यांनी दोनदा भाऊजींना बाजूला घेतलं, "सांग तिला, नाहीतर तिथे बसल्या बसल्या तिचं काहीतरी होईल." भाऊजींचा चेहरा बघून ह्यांनीच विषय सोडला. मी सांगायला गेले तर सासूबाईंनी माझ्या हातात नवा टेबलक्लॉथ दिला. मालिकेत भाऊजी येतील त्या दिवशी टीव्हीखाली घालायला.

तो दिवस आला. काकू खुर्ची घेऊन आल्या. टीव्हीखाली नवा टेबलक्लॉथ. भाऊजी सासूबाईंच्या शेजारी, पण आज अगदी कडेला, उठून पळायला सोपं पडेल असे.  हे तर लिफ्टच्या कामाचं निमित्त काढून निघालेच होते, मी दारातून परत आणले.

मालिका सुरू झाली. बाई कपड्यांच्या घड्या घालत होती. मागे दार उघडलं. आधी पाय दिसले, मग कोट, मग चेहरा.

"अय्या, हे तर ते…" काकूंनी त्या नटाचं नाव घ्यायला तोंड उघडलं. मी त्यांना असा चिमटा काढला की त्या 'आई गं' म्हणून गप्पच झाल्या.

सासूबाई पुढे झुकल्या. चष्मा नीट केला. मी भाऊजींकडे बघितलं नाही, माझी हिंमत झाली नाही. पडद्यावरचा माणूस स्टुलावर बसला. एक बूट काढला. दुसरा काढला. दोन्हींची तोंडं भिंतीकडे करून ठेवली. चांगलं करत होता मेला, खोटं कशाला बोलू. अगदी दमल्यासारखा, दुसरं काही डोक्यात नसल्यासारखा.

"मागचं दार लावलं का?" तो म्हणाला.

"लावलं, लावलं," सासूबाई म्हणाल्या.

टीव्हीतली बाई ते वाक्य म्हणायच्या आत. मोठ्याने, जुन्या सवयीने, जरासं वैतागूनच. मग टीव्हीतल्या बाईने म्हटलं, आणि तिचे हात थांबले. आमच्या सासूबाईंचाही हात मांडीवरच्या पदराशी थांबला होता.  काकूंनासुद्धा काहीतरी कळलं असावं.

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढली आणि भाऊजींकडे वळून बघितलं. त्या नटाबद्दल एक शब्द नाही. "हे तू लिहिलंस?"

"हो आई. पण बोलायला मला…"

"मेल्या, आधी सांगायचं नाही का?" डोळ्यांना पदर लावत त्या म्हणाल्या. "मी नीट उत्तर दिलं असतं."

भाऊजी उठले आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, रडायला गेले. मी मागोमाग गेले. तर ते मागच्या दारापाशी उभे. दार सताड उघडं! मी कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला गेले होते आणि मालिकेच्या नादात तशीच आत आले होते. त्यांनी दार ओढलं, वरची कडी घातली, खालची घातली, आणि हलवून बघितलं.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "लावलं का रे?"

"लावलं, लावलं," भाऊजी म्हणाले.

इतकी वर्षं समोर उभी राहून मी त्यांची वाक्यं ऐकली आहेत. हे एक त्यांनी अजिबात वाट न बघता म्हटलं.